शेंगांच्या वाफ्यात उतरलेलं घर

पुलेरेजो गावात कुणी काही देऊ केलं, तर दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत आहे. ज्याला ती वस्तू खरोखरच नको असेल, त्यानं तिसऱ्यांदाही ‘नको’ म्हणायचं. हे तिसरं ‘नको’ पाक सोकिरान यांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत एकदाही जमलं नव्हतं.

पहिली दोन ते फार सुंदर म्हणत. कमरेत वाकून, मान तिरकी करून, असं काही हसत की देणाऱ्याला तिसरा आग्रह केल्यावाचून राहवतच नसे. त्यामुळे त्यांच्या घरात एक लंगडी शेळी होती, काटे नसलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, तीन मांजरं होती आणि शेजारच्या गावातल्या कुणा मयत गृहस्थाच्या चपला होत्या. चपला दोन्ही डाव्या पायाच्या होत्या. गावात माणूस बाप झाला की ‘पाक’ होतो आणि बाई आई झाली की ‘बू’. सोकिरान मात्र लग्नाआधीपासूनच पाक होते. पोरवयात कुणीतरी चुकून त्यांना तसं म्हटलं होतं आणि दुरुस्त करायचं त्यांच्या जिवावर आलं.

लग्नही असंच झालं. ते गेले होते नांगर मागायला. लासियेमच्या वडिलांनी चहा विचारला, दोनदा नको झालं, तिसऱ्यांदा चहा आला. मग सोयाबीनचं तळलेलं तेम्पे आलं. मग बोलता बोलता मुलगी आली. नांगर राहिलाच.

“मी काही चहाबरोबर आलेलं तेम्पे नव्हे,” बू लासियेम अजूनही सुनावत. “मी पडद्याआडून पाहिलं होतं. म्हटलं, हा माणूस जन्मात मला उलटून बोलणार नाही. तेवढं मात्र खरं निघालं. पण मलाच काय, शेळीलासुद्धा उलटून बोलत नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!”

आणि वस्तीचं प्रमुखपण? ते पाक सोकिरान पाच वेळा झाले होते. दर तीन वर्षांनी त्यांच्याच ओसरीवर सभा भरे. सगळे एकमेकांकडे पाहत, मग सोकिरानांकडे पाहत. सोकिरान दोनदा ‘नको’ म्हणत. लोक टाळ्या वाजवून घरी जात. प्रमुखाचा शिक्का एका बिस्किटाच्या डब्यात असे. गावात कुणाची म्हैस आजारी पडली किंवा कुणाच्या सुनेचं सासूशी वाजलं, की लोक आधी सोकिरानांकडे येत. ते सगळं ऐकून घेत. दोन्ही बाजूंना वाटे, प्रमुख आपल्याच बाजूनं आहेत. यालाच पुलेरेजोत न्याय म्हणतात, आणि तो तिथं बऱ्यापैकी चालतो.

या सगळ्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते घर हलवायची वेळ आली तेव्हा.

घर होतं पाटाच्या काठी, सखल जागेत. वरच्या शेतांची पाण्याची पाळी आली की पाट फुगे आणि सैपाकघरात पाऊलभर पाणी शिरे. बू लासियेम चूल विटांवर चढवीत आणि कोंबड्या कपाटावर. दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलीला, रुमिनीला, बघायला पाहुणे आले होते ते नेमके पाण्याच्या पाळीच्या दिवशी. पाय वर घेऊन बसले बिचारे, कुणी चकार शब्द काढला नाही. पण मुलाच्या आईच्या मांडीवर बेडूक चढला. तिनं तोही पुलेरेजोच्या रीतीनं सोसला, “किती माणसाळलेला आहे!” म्हणाली, आणि पुन्हा कधी निरोप आला नाही.

आता रुमिनीनं स्वतःच मुलगा पाहिला होता. ती शहरात शिवणकामाच्या कारखान्यात होती आणि तारवान नावाचा हा मुलगा तिथंच यंत्रं दुरुस्त करी. त्याचे वडील पाक सानरुस्दी पश्चिमेकडच्या बान्युमास भागातून खास बोलणी करायला येणार होते. दिवस ठरला आणि बू लासियेमनी पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता पाहिला. तोच दिवस!

“अहो पाक,” त्या म्हणाल्या, “एकदा बेडकानं सोयरीक मोडली. दुसऱ्यांदा मोडली तर मी बेडकांना काही बोलणार नाही, तुम्हालाच बोलेन. घर वर न्यायचं.”

वर म्हणजे पन्नास पावलांवर, फणसाच्या झाडाखाली. ती उंचवट्याची जागा लासियेमच्या वडिलांची, आता त्यांची. घर लाकडी, बारा खांबांचं. कौलं उतरवायची, कुडाच्या भिंती सोडवायच्या, सांगाड्याला आडवे-उभे बांबू जखडायचे, आणि गावातल्या साठ माणसांनी खांद्यावर घेऊन चालू पडायचं. पुलेरेजोत घर असंच हलतं. मजुरी कुणी मागत नाही. नारळाच्या दुधातली फणसाची भाजी आणि गोड चहा पुरतो. बोलवावंही लागत नाही. बू लासियेमनी बाजारात भाजीवालीला नुसतं सांगितलं, “आमचे फणस यंदा लवकर तयार झाले,” आणि गुरुवारी सकाळी साठ माणसं कमरेला फडकी गुंडाळून दारात हजर.

सोकिरानांनी आदल्या दिवशीच फणसाखाली खांबांसाठी दगडांचे बारा तळखडे मांडून ठेवले होते. दोरी धरून, पाणी ओतून, अगदी समपातळीत. दक्षिणेकडे तोंड. त्या कामात त्यांनी कुणाचं ऐकलं नाही, कारण तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं.

हाक द्यायला पाक जुंबादी. हा माणूस बदकं राखायचा. चारशे बदकं भातशेतांतून हाकता हाकता त्याचा आवाज असा काही तयार झाला होता की त्यानं घरात शिंक दिली तर पाटापलीकडच्या बायका ‘तब्येतीला जप’ म्हणत. घर उचलताना जुंबादी पुढे, तोंड घराकडे, पाय उलटे टाकत. घर कुठं टेकवायचं ते मात्र घरमालकानं सांगायचं. हाक देणाऱ्यानं ते परस्पर ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं.

“होलोपिस कुंतुल बारिस!” जुंबादी गरजला.

साठ गळ्यांतून “हो!” उठला आणि घर जमिनीवरून उठलं. चाळीस वर्षं एका जागी बसलेलं घर, कुरकुरलं, डगमगलं आणि चालू लागलं.

“पाक, तुमच्या घरात फार माणसं झाली हो!” आतून कुणीतरी ओरडलं.

“आणि एकाचाही चहा झालेला नाही!” दुसरा.

“मागचे लोक उचलतायत की नुसते लोंबकळतायत?”

“तुझ्या सासऱ्याला विचार, तो माझ्या पुढं आहे आणि डोळे मिटून आहे!”

पाक सोकिरान बाजूनं चालत होते. आपलं घर असं हवेत जाताना पाहून त्यांना भरून आलं होतं. साठ माणसं! कुणाचं शेत राहिलं, कुणाची गुरं राहिली. पन्नास पावलं झाली. बारा तळखडे खाली, बारा खांब वर. जुंबादी थांबला आणि त्यानं नम्रपणे विचारलं, “पाक, इथं का?”

आता इथं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण सोकिरानांच्या मनात आलं, साठ माणसं माझं घर खांद्यावर घेऊन उभी आहेत, आणि मी उघड्या हातानं चालत आलेला माणूस, मी त्यांना हुकूम सोडू? ते कमरेत वाकले, ‘आपली मर्जी’ अशा अर्थानं रीतीप्रमाणे अंगठा पुढं केला आणि हसून म्हणाले, “तुम्हाला बरं पडेल तसं.”

जुंबादीही पुलेरेजोचाच. त्यानं विचार केला, ह्यांना इथंच हवं असतं तर इथंच म्हणाले असते. म्हणजे ह्यांना अजून पुढं हवंय, पण आम्हाला त्रास नको म्हणून बोलत नाहीत. केवढा सज्जन माणूस!

“चला रे, अजून थोडं!”

तळखडे मागे पडले. दहा पावलांवर जुंबादीनं पुन्हा विचारलं, “इथं, पाक?”

सोकिरानांचा चेहरा जरा पांढरा पडला होता. पण मागे घ्या म्हणायचं म्हणजे पुढे आणलंत ते चुकलं असं म्हणणं. “तुमचे खांदे दुखत असतील,” ते म्हणाले.

“छे छे, मुळीच नाही!” साठ जण एका सुरात म्हणाले. खांदे दुखतात म्हणून कबूल कोण करील? आणि दुखत नाहीत हे दाखवायला ते जास्तच जोरात चालू लागले. कसाव्याच्या काड्यांचं कुंपण आडवं झालं. घर शेजारच्या म्बा कार्सीच्या भुईमुगात शिरलं. म्बा म्हणजे आजी. ह्या आजीचं वय सत्तर, शेंगा दहा दिवसांत काढणीला आलेल्या. वाफा अर्धा झाला, पाऊण झाला. घर थांबलं ते एकाच कारणानं. पुढं तिची विहीर होती.

“इथं?” जुंबादीनं धापा टाकत विचारलं.

“उत्तम,” पाक सोकिरान म्हणाले.

बू लासियेम तोवर मागच्या अंगणात भाजी ढवळीत होत्या. डाव घेऊन पुढं आल्या तर जुनी जागा रिकामी आणि नवी जागाही रिकामी.

“अहो पाक, घर कुठाय?”

सोकिरानांनी अंगठ्यानं दिशा दाखवली. घर भुईमुगात उभं होतं. तोंड दक्षिणेऐवजी पश्चिमेला, म्हणजे थेट म्बा कार्सीच्या गोठ्याकडे. गोठ्यातून म्हैस पाहत होती. बू लासियेम एवढ्या माणसांदेखत काय बोलणार? त्या हसल्या. नवऱ्याकडे पाहून असं हसल्या की सोकिरानांनी त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

म्बा कार्सी विहिरीवरून आली. कमरेवर हात ठेवून तिनं आपल्या वाफ्यातलं घर नीट पाहिलं.

“म्बा, माफ करा,” सोकिरान म्हणाले, “तुमच्या शेंगा...”

“राहू दे, राहू दे. शेंगा काय, पुढच्या वर्षीही येतील,” म्हातारी म्हणाली. “घर म्हटलं की कुठंतरी टेकायचंच.”

“बघ, रागावली नाही,” सोकिरान बायकोला म्हणाले.

“पुढच्या वर्षी येतील म्हणाली,” बू लासियेम म्हणाल्या. “म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत ती हे विसरणार नाही.”

आणि म्हातारीनं ते दुसऱ्या दिवसापासूनच दाखवून दिलं. घराची जमीन मातीची. वर घर आलं म्हणून भुईमूग काही मरत नाही. पहाट झाली की म्बा कार्सी टोपली घेऊन सरळ त्यांच्या झोपायच्या खोलीत.

“उठू नका, उठू नका. मला फक्त ह्या कोपऱ्यातलं तण काढायचंय.”

बू लासियेम पदर सावरून बसत. म्हातारी पलंगाखाली शिरे. “पाक, तेवढा पाय वर घ्या. ही ओळ फार जोमात आहे. सावलीत बरी वाढते, मला माहीतच नव्हतं! आधी कळतं तर मीच घर आणून ठेवलं असतं.”

दुपारी ती उकडलेल्या शेंगांची वाटी पाठवून देई. निरोपासकट. पहिल्या दिवशी, “तुमच्या चुलीजवळच्या.” दुसऱ्या दिवशी, “पाक नमाज पढतात तिथल्या.” तिसऱ्या दिवशी, “उशीखालच्या, म्हणून जरा चपट्या.” सोकिरान दोनदा नको म्हणत आणि तिसऱ्यांदा घेत. शेंगा त्यांच्या घशाखाली उतरत नसत, पण वाटी रिकामी परत करणं भागच होतं. भरलेली वाटी परत करणं म्हणजे भांडण.

गावात सगळ्यांना सगळं दिसत होतं. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणत, “वा, वारा छान लागतो इथं!” म्हैस हंबरली की म्हणत, “सोबत पण आहे.” पण पुन्हा उचला असं सोकिरानांनी म्हटल्याशिवाय कोण हात लावणार? तसं केलं तर घरमालकाला आपलं घर कुठं ठेवायचं तेही कळत नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं. कौलं अजून फणसाखालीच रचलेली होती. ती चढवायला रोज कुणी ना कुणी येई आणि रोज काहीतरी अडे. शुक्रवारी कौलांना वार चांगला नाही. शनिवारी शिडी उसनी गेली. रविवारी शिडी आली, पण घेऊन येणारा म्हणाला, “आज माझे गुडघे कौलं चढवायच्या मनःस्थितीत नाहीत.” बू लासियेमनी छपरावर नारळाच्या झावळ्या टाकल्या. खांबांना बांधलेले बांबूही कुणी सोडवले नव्हते. “विसरलो बघा,” प्रत्येक जण म्हणे. साठ माणसं एकच गोष्ट चार दिवस विसरत होती. पाक सोकिरान मनाशी म्हणाले, गाव आळशी झालं.

“गाव तुमची वाट बघतंय,” बू लासियेम म्हणाल्या. “परवा पाहुणे येणार. दुसऱ्याच्या वाफ्यात घर घालून बसलेल्या माणसाची मुलगी कोण करील? रुमिनी पत्रात लिहिते, तारवानचे वडील फार स्पष्ट आहेत. जा जुंबादीकडे. म्हणावं, घर मागे घ्यायचं आहे. चार शब्द आहेत. जाताना रस्त्यानं म्हणत जा.”

सोकिरान रस्त्यानं म्हणत गेले. जुंबादीच्या अंगणात चटई पसरली, चहा आला. बोलणं हवेवरून निघालं, उंदरांवर गेलं, भाताच्या नव्या वाणावर आलं.

“तिकडे... वारा चांगला लागतो,” शेवटी सोकिरान म्हणाले.

“लागतो ना?” जुंबादीचा चेहरा उजळला. त्यालाही चार दिवस झोप नव्हती. तो आशेनं पुढं सरकला. “जास्तच लागतो का?”

आता दार उघडं होतं. सोकिरानांनी तोंड उघडलं. समोर जुंबादीचा तो लालबुंद खांदा दिसला, घर वाहून सोललेला.

“नाही, बेताचाच लागतो.”

“असं का,” जुंबादी खचला. काहीतरी करावं म्हणून त्यानं उठून बदकाचा एक नर आणला. “न्या हो, पाक. नव्या घराला.”

“नको.”

“न्या.”

“नको.”

“न्याच.”

तासाभरानं पाक सोकिरान बदक काखेत मारून घरी आले. बू लासियेमनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बदकाकडे. “चार शब्द होते,” त्या म्हणाल्या, “त्यांचं हे झालं होय?”

पाहुण्यांचा दिवस उजाडला. ठरल्याप्रमाणे पाट फुगला आणि जुन्या रिकाम्या जागेवर पाऊलभर पाणी चढलं. बेडूक आले आणि घर न दिसल्यानं गोंधळून बसले. रुमिनी सकाळच्या बसनं आली होती. घर पाहून तिनं पिशवी खाली ठेवली, आईकडे पाहिलं, आणि काही न विचारता भुईमूग चुकवत आत जाऊन चहाला आधण ठेवलं. बापाची लेक असली तरी तिनं पाहुण्यांना दुसऱ्या वाटेनं आणायला तारवानला निरोप धाडला, म्हणजे गोठा जरा उशिरा दिसेल.

पाक सानरुस्दी बुटके, रुंद आणि मोठ्या आवाजाचे. बान्युमासकडची माणसं मनात येईल ते जिभेवर आणतात आणि जिभेवर येईल ते बोलून टाकतात, मधे चहासाठीसुद्धा थांबत नाहीत. ते चटईवर बसले, मांडीजवळ काही टोचलं म्हणून त्यांनी हात घातला आणि शेंगांसकट एक झाड उपटून वर काढलं.

“हे काय? घरात भुईमूग?”

“आपल्यासाठीच,” सोकिरान म्हणाले. “ताज्या असाव्यात म्हणून.”

सानरुस्दींनी एक शेंग फोडून खाल्ली. “बऱ्या आहेत. म्हैस कुणाची?”

“शेजारची.”

“मग ती तुमच्या घरात का बघतेय?” त्यांनी मांडी बदलली. “असो. मला गोल गोल बोलता येत नाही. माझ्या पोराला तुमची मुलगी आवडलीय, मला चालतंय. तुमची मुलगी द्यायची की नाही?”

पुलेरेजोत असा प्रश्न आला की मुलीच्या बापानं लगेच हो म्हणायचं नसतं. मुलगी जड झालीय असं दिसतं.

“आमची रुमिनी अजून अजाण आहे,” सोकिरान रीतीनं म्हणाले. “तिला धड भातही शिजवता येत नाही.”

“म्हणजे नाही?”

“आम्ही साधी माणसं. तुमच्यासारख्यांच्या घरात ती कुठं शोभणार?”

“बरं. म्हणजे नाही,” सानरुस्दी म्हणाले, आणि त्यांनी उठून टोपी डोक्यावर ठेवली. रागावलेही नव्हते. त्यांच्याकडे ‘नाही’ला ‘नाही’च म्हणतात, आणि दोनदा ‘नाही’ ऐकल्यावर माणूस घरी जातो. “तारवान, चल. साडेबाराची बस मिळेल.”

“बाबा, अहो, ही त्यांची रीत...” तारवान म्हणू लागला.

“माझ्या कानांनी ऐकलं. चल.”

दोघं दाराबाहेर पडले. भुईमूग ओलांडून रस्त्याकडे निघाले. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. सोकिरान पाहत राहिले. असंच काहीतरी त्यांनी पाच दिवसांपूर्वी पाहिलं होतं. आपलं घर असंच डोळ्यांदेखत पुढं पुढं चाललं होतं आणि आपण अंगठा पुढं करून हसत उभे होतो. त्यांनी मागे वळून पाहिलं. रुमिनी रडत नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि कुणी काही करील अशी आशा तिच्या डोळ्यांत नव्हती. तेच त्यांना सोसवलं नाही.

“थांबा!”

अख्ख्या पुलेरेजोनं हा शब्द ऐकला. म्हशीनं मान वर केली. कोपऱ्यात बांधलेलं बदक सुटून गोठ्यात पळालं. सानरुस्दी एक पाय हवेत असतानाच थांबले. आणि आपण काय केलं हे कळायच्या आत पाक सोकिरान बोलू लागले, अठ्ठावन्न वर्षांचं साठलेलं एकदम.

“थांबा म्हणतो ना! मुलगी द्यायचीय. आजच द्यायचीय. तिला भात येतो, माझ्यापेक्षा चांगला येतो. आणि हे घर मला इथं नको! ही जागा माझी नाही, तिकडं फणसाखाली आहे. शेंगा म्हातारीच्या आहेत. मला त्या आवडत नाहीत. बदकही आवडत नाही!”

सानरुस्दींनी विचारलं, “घर तिकडं हवं होतं, तर इथं कसं आलं?”

“मी थांबा म्हटलं नाही.”

“का नाही म्हटलं?”

याला पुलेरेजोत उत्तर नव्हतं. पण ते द्यावं लागलं नाही, कारण कुंपणापलीकडून पाक जुंबादी अवतरला, कमरेला फडकं गुंडाळलेलं. त्याच्यामागे वीसजण, त्यांच्यामागे आणखी वीस, शेतातून चिखलाच्या पायांनी धावत येणारे आणखी. पाच दिवस सगळे एकाच शब्दाची वाट पाहत होते.

“सहज इकडून चाललो होतो,” जुंबादी म्हणाला.

“सगळेच?” सानरुस्दींनी विचारलं.

“सगळेच.”

बांबू बांधलेलेच होते. छपरावर कौलं नव्हती. आता कुठं पाक सोकिरानांच्या डोक्यात प्रकाश पडला, की गावाचे गुडघे पाच दिवस कुठल्या मनःस्थितीत होते. कुडाच्या भिंती सुटल्या, चटई आणि चहाची भांडी बाहेर आली, आणि नियोजित व्याह्यांनी टोपी रुमिनीच्या हातात देऊन पुढचा डावा खांब धरला.

“होलोपिस कुंतुल बारिस!”

घर उठलं, वळलं आणि माघारी निघालं. बू लासियेम ह्या वेळी डाव हातात घेऊन अगदी जवळून चालत होत्या. तळखडे आले.

“इथं, पाक?” जुंबादीनं विचारलं.

“बास! इथंच!” पाक सोकिरान म्हणाले. “नाही, जरा डावीकडे. तोंड दक्षिणेला. अजून. फार झालं. मागे घ्या. मागे म्हणजे मागे! व्याही, तुमचा खांब एक बोट बाहेर आहे.”

त्यांना त्याची चटकच लागली. बारा खांबांसाठी त्यांनी साठ माणसांना पाऊण तास झुलवलं. एक बोट इकडं, अर्धं बोट तिकडं. शेवटचा खांब तळखड्यावर बसला तेव्हा मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, “आधीचेच पाक बरे होते हो!” पण दाराचं तोंड दक्षिणेला होतं, आणि पाट खाली, दूर, बेडकांसकट.

भुईमुगाची भरपाई म्हणून सोकिरानांनी म्बा कार्सीला बदक देऊ केलं. म्हातारी दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, “तो दुपारपासून माझ्याच गोठ्यात आहे. मी त्याचं नावसुद्धा ठेवलंय.” काय ते मात्र तिनं सांगितलं नाही. गोठ्याकडे पाहून ती हाक मारी आणि सोकिरान वळून बघत, एवढं खरं.

रुमिनीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वस्तीप्रमुख निवडायची सभा होती. ओसरी नवी, कौलं नवी रंगवलेली, नवे व्याही खांबाला टेकून लवंगी सिगारेट ओढत बसलेले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सोकिरानांकडे पाहिलं.

“नको,” पाक सोकिरान म्हणाले. आवाज ठणठणीत होता.

लोक समाधानानं हसले. पहिलं ‘नको’ झालं.

“नको.”

दुसरं झालं. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले.

“व्याही,” सानरुस्दी सिगारेट काढून म्हणाले, “तिसरं! त्या दिवशी मला ओरडलात तसं!”

पाक सोकिरानांनी छाती भरून श्वास घेतला. समोर साठ चेहरे होते आणि त्यांतल्या प्रत्येकाचा खांदा त्यांच्या घराखाली दोनदा सोलवटलेला होता. आतून बू लासियेम चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी थाळा खाली ठेवला आणि वाट पाहिली.

पाक सोकिरान हळूच कमरेत वाकले आणि त्यांनी अंगठा पुढं केला.

बू लासियेमनी बिस्किटाचा डबा काढून आणला.